झाकणासकट छत्तीस फोटो

जेमतेम तिशीचे ते भूगोलाचे मास्तर खरं तर शेजारच्या घड्याळजीकडे निघाले होते. चुकून कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानात शिरले. पण त्यांच्या गळ्यातला कॅमेरा पाहून लेन्स दुरुस्त करणारी तिथली मुलगी ताडकन उठलीच.

"अहो, ही लेन्स... कुठून मिळाली तुम्हाला?"

"आत्याची. इमारतींचे फोटो काढायची ती. आता सगळं धूसर येतं."

तिने लेन्स उजेडाकडे धरली. आत बुरशी. "साठ वर्षांची तरी असेल. मागची काच बघा, पार फिल्मला टेकेल इतकी आत जाते. या कॅमेऱ्यात मध्ये आरसा नसतो ना, म्हणून जमतं. अख्खी खोली मावते, आणि भिंती कशा सरळसोट येतात! कोपरे जरा काळवंडतात... तेवढं चालायचंच."

"माणसांच्या बाबतीतही एवढं चालवून घेता?"

"माणूस बघून ठरवते," ती म्हणून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली.

काम चार दिवसांचं. तिने पंधरा लावले. शाळा सुटली की मास्तर दिवसाआड डोकावायचे, आणि आत बसलेले तिचे मामा उगाचच खोकायचे. पण शेवटी काच लख्ख झाली, सबबी संपल्या. आज लेन्स घेऊन गेले की मास्तर कशाला परत येतायत?

"तुमचाच फोटो काढून बघू?" मास्तरांनी विचारलं. "एकच."

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला— आणि तिला दिसलं. लेन्सवरचं झाकण तसंच! या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी, लेन्सच्या वर. मास्तरांना पत्ताच नव्हता. सांगायला तिने तोंड उघडलं... आणि मिटलं. मग छान हसली. एकाचे छत्तीस झाले, रोल संपला, तरी हसतच राहिली.

गुरुवारी मास्तर पडलेल्या चेहऱ्याने हजर. "अख्खा रोल कोरा! बुरशी राहिली असेल का हो?"

आता मात्र तिच्या कामावरच आलं. "काम चोख आहे माझं," ती फणकारली. मग आवाज उतरला. "झाकण होतं लेन्सवर. मला... दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"फोटो आले असते," ती टेबलाकडे बघत म्हणाली, "आणि तुम्ही आला नसता."

मास्तरांचा चेहरा एकदम खुलला.

"मी दर वेळी ठरवून निघायचो... आज सांगायचंच. तुम्ही मला—"

"तुम्ही?" तिने भुवई उंचावली.

मास्तर घुटमळले. "तू," ते हळूच म्हणाले. "तू आवडतेस मला."

"तूपण," ती म्हणाली.