टोपल्याखालचं पीठ

मोबाइल खिशात घाला पोरांनो, डोळ्यांवर येतो. लाइट येईपर्यंत तालीम तर होत नाही, मग ऐका. आपल्या भोकरदनच्या धम्मपाल सरांचंच आहे हे. त्यांनी मला एकदाच सांगितलं.

मागच्या नोव्हेंबरातली अमावास्या. नाट्यस्पर्धा चार दिवसांवर आलेली. सर गिरणीतून किलोभर ज्वारीचं पीठ घेऊन घरी निघाले होते. शाळा, तालीम, परत शाळा. माणूस पार पिचून गेलेला. पीठ नाटकासाठी होतं. सरांची बायको, आपल्या दीपमालावहिनी, वारल्यापासून घरात स्वयंपाकच नव्हता. डबा यायचा, तोही अर्धा परत जायचा.

सर आयर्लंडमधल्या जुन्या गोष्टी आपल्या मातीत आणून नाटकं बसवतात. सर लिहायचे आणि रात्री वहिनी सगळ्या बायांची सोंगं घेऊन मोठ्यानं वाचायच्या. उजव्या हाताचं मधलं बोट लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात तुटलेलं, उरलेल्या बोटांत पान धरायच्या. खटकलं की म्हणायच्या, "हे आपलं न्हाई वाटत." मग ते पान गेलंच समजा. त्यांच्याविना हे पहिलंच नाटक. उभं राहिलं नाही तर लिहिणं सोडायचं, असं सरांनी ठरवून टाकलं होतं.

मूळ गोष्टीत मेलेल्या बाईभोवती गाव रात्रभर जागतं, खातंपितं, हसतं. आपल्याकडे मढ्यापाशी हसणार कोण? म्हणून सरांनी तिथे पिठाचा विधी घातला. माणूस जिथे गेला तिथे पीठ पसरायचं, जवळ दिवा, वर टोपलं. सकाळी पिठात कुणाचं पाऊल उमटलं ते बघायचं, म्हणजे गेलेला कोणत्या जन्माला गेला ते कळतं.

आमच्या मंडळातला अंगद म्हणाला, "सर, हे आमच्यात करतेत. तुमच्यात, बौद्धांच्यात, कुठं?"

"नाटक हाये बाबा. मला दुसरं काही सुचून न्हाई राह्यलं."

तालीम सरांच्याच घरी. अंगदनं ताटात पीठ पसरलं, टोपलं झाकलं आणि बरी जागा बघून खिडकीखाली ठेवलं, जवळ दिवा लावला. वहिनी ज्या खाटेवर गेल्या, ती तिथेच असायची. पोरगा नवा, त्याला काय माहीत? सरांच्या ध्यानात आलं होतं. पण उचलायचंही त्राण नव्हतं. सगळे गेल्यावर ते सतरंजीवर तसेच आडवे झाले.

दोनच्या सुमारास जाग आली. दिवा विझलेला.

स्वयंपाकघरात आवाज... थप्. थप्. थप्.

"कोण हाये?"

थांबला.

...

"दीपा?"

...

थप्. थप्.

सर उठले नाहीत. भीती होतीच. पण आपण उठलो तर ती निघून जाईल, ही भीती त्याहून मोठी. पडल्या पडल्या ते रडले, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. आणि कधी झोप लागली कळलंच नाही.

उजाडल्यावर टोपलं उचललं. ताट पुसून लख्ख. पिठाचा कण नाही. आत शेगडीवर तव्यात एक भाकरी. गरम. सिलिंडर तर केव्हाच संपलेलं...

मी त्यांना चहाला बोलवायला गेलो, तेव्हा सर विधीचं पान फाडत होते. "अप्पाराव, हे आपलं न्हाई," एवढंच म्हणाले आणि नव्यानं लिहायला बसले. शेजारी ताटलीत अर्धी भाकरी होती. अर्धी त्यांनी खाल्ली होती.

मी उरलेली उचलून बघितली. थापणाऱ्या हाताची बोटं तिच्यावर बराबर उमटली होती...

मधलं तेवढं नव्हतं.