फिरत्या मजल्यावरचा डबा

चैत्राली बोरकुटेची पर्स लंडनमध्ये, जमिनीपासून चौतीस मजले वर, चोराशिवाय चोरीला गेली.

बीटी टॉवरला, म्हणजे टीव्ही-टेलिफोनच्या जुन्या मनोऱ्याला, साठ वर्षं झाली म्हणून तिथलं जुनं फिरतं रेस्टॉरंट लोकांना बघायला उघडलं होतं. सोडतीत नाव निघेल त्यालाच वर प्रवेश. चैत्रालीला जन्मात कधी हळदीकुंकवाच्या लकी ड्रॉमध्ये साधी चहाची गाळणी लागली नव्हती, पण क्रॉयडनच्या ऑफिसात कंटाळून भरलेला हा अर्ज लागला. त्या दिवशी वारा असा की लंडनची कबुतरं उडायचा नाद सोडून फुटपाथवरून पायी घरी निघाली होती. वर पोचल्यावर तिनं पर्स खिडकीखालच्या कट्ट्यावर ठेवली आणि काचेवर पळणाऱ्या पावसाच्या थेंबांचे फोटो काढत बसली. वळून बघते तर पर्स गायब... आणि तिच्या जागी कुणाची तरी ओली छत्री.

"अरे बाप्पा, माझी पर्स..." ती मराठीतच म्हणाली. माणूस घाबरतो तो आपल्याच भाषेत.

"पर्स कुठे गेला नाही," मागून आवाज आला. "तुम्ही गेलात."

गळ्यात पास अडकवलेला एक उंच मुलगा उभा होता. केस असे विस्कटलेले की वारा फक्त त्याच्यासाठीच सुटला असावा. पासवर नाव होतं परीक्षित सबनीस. मराठी इंग्लंडात वाढलेलं, त्यामुळे तो-ती-ते यांची सारखी अदलाबदल.

"मी इथेच उभी आहे," चैत्राली म्हणाली.

"तुम्ही उभ्या आहात. जमीन चालतोय." त्यानं बुटाच्या टोकानं फरशी आणि भिंत यांच्यामधली फट दाखवली. भिंत गोगलगायीच्या चालीनं मागे सरकत होती. "टेबलं, खुर्च्या, माणसं फिरतात. खिडकी आणि कट्टा जागेवर. वीसेक मिनिटांत तुम्ही आपोआप तुमच्या पर्सपाशी पोचाल."

"आणि तोवर कुणी उचलली तर?"

"मग माझा घ्या. त्यात कॉव्हेंट्रीचा रिटर्न तिकीट आहे. फक्त रिटर्न अर्धा उरलाय."

चार पावलं उलटं चाललं असतं तर पर्स मिळाली असती. चैत्राली सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरणारी मुलगी, तिला हे कळत नव्हतं असं नाही. तरी ती थांबली. का थांबली, ते तिचं तिलाच विचारा, मी आपला काचेवरचे थेंब बघत होतो.

तेवढ्या वेळात परीक्षितनं एक खेळ काढला. तो टॉवरबद्दल काहीतरी सांगणार, तिनं ओळखायचं, खरं की थाप.

"हा टॉवर गोल आहे, कारण चौकोनी असता तर वाऱ्यानं हलला असता. आणि हलला असता तर टीव्हीचे सिग्नल दुसऱ्या गावाऐवजी कुणाच्या तरी गाईच्या अंगावर गेले असते."

"गाय थाप. बाकी खरं."

"आग लागली तर इथे लिफ्टनं खाली जायचं. सगळीकडे बंदी, इथे परवानगी. त्यासाठी पार्लमेंटनं वेगळा कायदा केला."

"थाप."

"खरं. जिना इतका अरुंद आहे की तुमची पर्स आणि तुम्ही एका वेळी उतरू शकत नाही." तो जरा वाकला. "तिसरं. इतकी वर्षं हा अख्ख्या लंडनला दिसायचा, पण सरकारच्या लेखी गुपित होता. नकाशातसुद्धा नव्हता म्हणतात."

चैत्राली विचारात पडली. "...हे काय आहे?"

"ते मलाही नक्की माहीत नाही," तो म्हणाला. "म्हणून आवडतं."

तेवढ्यात पर्स आली. किंवा पर्सपाशी ती आली.

परीक्षित गाइड फक्त त्या दोन दिवसांपुरता. एरवी तो टॉवरच्या पोटातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत बसायचा. फुटबॉलच्या मैदानांतून, नाट्यगृहांतून, पार्लमेंटमधून येणारी चित्रं तिथून ज्या त्या चॅनेलला वाटेला लावायची, हे त्याचं काम. देशाच्या टीव्हीवरचे गोल आधी त्याच्या डोळ्यांसमोरून जायचे, आणि एकही मॅच त्यानं धड बघितली नव्हती. एकेकाळी बाहेरच्या गॅलऱ्यांवर कर्ण्यांसारखी शिंगं आणि ताटांसारख्या डिश होत्या. त्या केव्हाच उतरवल्या. आता गॅलऱ्या रिकाम्या, लग्नघरातून वऱ्हाड गेल्यावरच्या मांडवासारख्या. टॉवरही विकला गेला होता, हॉटेल होणार होतं. हे सगळं त्यानं तिला टॉवरखालच्या गल्ल्यांतून फिरताना सांगितलं. कारण पर्स मिळाल्यावर कॉफी झाली, कॉफीनंतर पुढचा शनिवार झाला, आणि तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

रोज संध्याकाळी तो तिला एक फोटो पाठवायचा. पडद्यावरचे उभे रंगीत पट्टे. बाकी अक्षर नाही.

"हे काय आहे?" तिनं विचारलं होतं.

"कुठल्याही कार्यक्रमाआधी असे पट्टे येतात. म्हणजे लाइन चालू आहे. बोलायला अजून कोणी आला नाही, पण लाइन चालू आहे."

तिची रूममेट मीनाक्षी फोटो बघून म्हणाली, "लोकांना गुलाब येतात बाई. तुझ्यावाल्याचा टीव्ही बिघडलाय."

चैत्राली हसली. आणि पट्टे पुन्हा एकदा बघून घेतले.

एकदा शार्लट स्ट्रीटवर एकाच छत्रीतून चालताना तो म्हणाला, "माझी आई सांगलीहून कॉव्हेंट्रीला स्टीलचे डबे घेऊन आली, सगळ्यांवर नाव घातलेलं. एक डबा शेजारच्या मिसेस क्लार्कला दिला. मिसेस क्लार्क डेव्हनला राहायला गेली. आई अजून तिची नाही, डब्याची चौकशी करते. खरं की थाप?"

"खरं," ती क्षणात म्हणाली.

"विचार तरी कर."

"काहून करू? नाव घातलेला डबा कुणी असातसा देत नसते रे. दिला म्हणजे तो परत येईल ही खात्री. आणि परत देतानाही रिकामा द्यायचा नसतो. नागपूरला माझ्या आईनं रिकामा डबा परत केला ना, तर तिला रात्री झोप येणार नाही."

छत्रीचा दांडा दोघांच्या हातात होता. कुणाच्या बोटांनी आधी जागा सोडली नाही, हे सांगणं कठीण.

मग पुण्याहून मेल आला. कंपनीनं चैत्रालीला तिकडे टीम लीड म्हणून बोलावलं होतं, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं. नाही म्हटलं तर क्रॉयडनला आहे तेच काम, आहे त्याच खुर्चीत. नागपूरच्या आईनं फोनवरच पेढे वाटायला घेतले.

फिट्झरॉय स्क्वेअरच्या ओल्या बाकापाशी तिनं परीक्षितला सांगितलं. तो वर टॉवरकडे बघत राहिला. ढगांत टॉवरचं डोकं दिसत नव्हतं.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

इतक्या आठवड्यांची सवय जिभेवर बसलेली, ती म्हणून गेली, "खरं की थाप?"

तो हसला. गालाला नेहमीची खळी मात्र पडली नाही.

"थाप," तो म्हणाला. "जा की. टीम लीड म्हणजे काय खेळ आहे?"

त्या संध्याकाळी पट्टे आले नाहीत. दुसऱ्याही संध्याकाळी नाहीत. चैत्रालीनं उत्तराचा मेल लिहून ठेवला, 'मी येते आहे' एवढाच, आणि तो न पाठवता रोज उघडून बघत राहिली.

शनिवारी टॉवरवर कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी फिरता मजला आणखी एकदा चालवणार होते. तिचा पास परीक्षितनं आधीच काढून ठेवला होता. जाऊ नये असं तिनं तीनदा ठरवलं आणि चौथ्यांदा ट्रेनमध्ये बसली.

वर गर्दी होती. परीक्षित कुठेच नव्हता. तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं. जमीन चालू लागली. खाली पाऊस पुसत पुसत लंडन सरकत होतं, रीजंट्स पार्क गेलं, स्टेशनांची छपरं गेली... इथेच छत्री दिसली होती, इथे तो वाकला होता. बघण्यासारखं ते शहर, आणि मुलगी बघत होती नुसता कट्टा.

म्हणूनच तिला तो दिसला. लांबून, हळूहळू, तिच्याकडे येणारा स्टीलचा डबा.

जवळ आल्यावर झाकणावरची अक्षरं लागली. टोचून टोचून घातलेली, थोडी तिरकी. 'सौ. वैजयंती माधव सबनीस.'

चैत्रालीनं हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. थाप कशाचीही मारता येते. टॉवरची मारता येते, गाईची येते, पार्लमेंटची येते. पण मिसेस क्लार्कच्या अनुभवानंतर त्या बाईनं हा डबा घराबाहेर सोडला, म्हणजे पोरानं घरी सगळं सांगितलं होतं. नाव, गाव, आणि डबा परत येईल हेसुद्धा.

डबा तिनं उचलला. आत शंकरपाळे होते. आणि डब्याच्या पुढे, त्याच कट्ट्यावर, पाय वर घेऊन, शाळेतून हाकलल्यासारखा परीक्षित बसला होता.

ती त्याच्यापाशी येईपर्यंत दोघांना एकमेकांकडे बघण्यावाचून काही काम नव्हतं.

"मी हललो नाही," तो म्हणाला. "तू आलीस."

"सांगितलंस आईला?"

"सांगितली. तिनं विचारलं, डबा परत येईल ना. मी म्हटलं, माहीत नाही. तरी दिला. चैत्राली... त्या दिवशी थाप म्हणालो ना, तो थाप होता."

जमीन तिला पुढे नेऊ लागली. ती खुर्चीवरून उठली आणि उलट्या दिशेनं एकेक पाऊल टाकत त्याच्यासमोरच राहिली. जागेवर राहायचं तर चालावं लागत होतं.

"मग नीट सांग," ती म्हणाली.

"जाऊ नकोस. मला तू आवडतेस. पट्टे बंद केले, कारण मला वाटला लाइन कट झाली. तुला जायचाच असेल तर जा, मी कॉव्हेंट्रीहून पुण्याला येईन, मला तिथे कोणीच नीट मराठी बोलणारा समजणार नाही, तरी येईन. यात गाय नाही."

तिनं एक शंकरपाळा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"हे मी संपवणार," ती म्हणाली.

"संपव."

"मग डबा रिकामा होईल."

"...हो."

"रिकामा परत देता येत नाही. काहीतरी करून, भरून, कॉव्हेंट्रीला नेऊन द्यावं लागेल. आणि मला पोळ्यासुद्धा येत नाहीत, परीक्षित. तुझ्या आईपुढे ठेवण्यासारखं काही जमायला वर्ष जाईल. तोवर क्रॉयडनची खुर्ची सोडून कसं चालेल? सोमवारी कळवते पुण्याला."

तो बघतच राहिला. "खरं की...?"

तिनं दुसरा शंकरपाळा त्याच्या तोंडात घातला, म्हणून तो प्रश्न अर्धाच राहिला.

"सर," लांबून एक बाई म्हणाल्या, "प्लीज, कट्ट्यावरून खाली उतरा."

परीक्षित उतरला. चालत्या जमिनीवर, तिच्या शेजारी. तिनं उलटं चालणं थांबवलं आणि दोघं एकाच चालीनं पुढे सरकू लागली, हातात हात. डबा मात्र तिनं मघाशी परत कट्ट्यावर टेकवला होता, तो मागे मागे जाऊ लागला. परीक्षित घाईनं वळला.

"असू दे," चैत्राली म्हणाली. "कुठे जात नाही तो."