गोधडीखालचा हात

लोविना त्या गुरुवारी दुपारी चर्चच्या तळघरात शिरली, तेव्हा बायका चौकटीवर गोधडी ताणून बसल्याही होत्या. गोधडी तिच्याच लग्नाची. लग्न ठरलं की नवरीची गोधडी चर्चच्या बायकांनी मिळून शिवायची, ही गावाची रीत. येत्या रविवारी पाद्रीबाबा चर्चमध्ये सगळ्यांसमोर लग्न जाहीर करायला तिचं आणि अॅम्ब्रोसचं नाव वाचणार होते. एकदा वाचलं की मागे फिरायची सोय नाही; गावाची तोंडं कोण धरणार?

"या नवरीबाई. तोंड का उतरलंय? माझा मुलगा काय वाईट आहे?" समोरून अॅम्ब्रोसच्या आईनं, हॉचकिसकाकूंनी चिमटा काढला.

"तसं नाही हो काकू. बर्फातून चालत आले ना."

खरं कारण सांगायची तिची छाती नव्हती. अॅम्ब्रोसचं आधी केझियाशी ठरलं होतं. केझिया तिची जिवाभावाची मैत्रीण. रविवारी चर्चमध्ये दोघी एकाच पुस्तकातून गायच्या. मागच्या हिवाळ्यात ती तापानं गेली. जाताना म्हणाली होती, "त्याच्याशी तू नको करूस लग्न... दुसरी कुणीही चालेल." लोविनानं शब्द दिला होता. पण वर्ष सरायच्या आत काकूंनी मागणी घातली, आणि अॅम्ब्रोस तिला मनापासून आवडत होता.

ती बसली. उजव्या हातानं वरून सुई टोचायची, डावा हात गोधडीखाली ठेवून टोक चाचपायचं. खालचं कुणालाच दिसत नाही. शेगडी धगधगत होती, ओल्या लोकरीचा वास कोंदला होता.

तिच्या डाव्या हाताला बोटं लागली. शेजारणीची असतील, म्हणून तिनं हात सरकवला. बोटंही सरकली. थंडगार होती. त्यांनी तिचा हात मुठीत धरला.

शेजारीण दोन्ही हात वर धरून सुईत दोरा ओवत होती.

"केझी..." लोविना पुटपुटली. "सोड ना गं..."

पकड घट्ट झाली. हाडं कुरकुरली. तिला अॅम्ब्रोस हवा होता, फार हवा होता. डोळे भरून आले.

"मी हे लग्न करणार नाही," ती एकदाची म्हणाली.

मूठ उघडली. त्या बोटांनी तिचा हात मायेनं थोपटला आणि ती बोटं निघून गेली.

बायकांच्या सुया थांबल्या. हॉचकिसकाकू तेवढ्या हसल्या. "नवऱ्या मुली असंच बरळतात. रविवारी नाव वाचलं जाणार म्हणजे जाणार. मेलेल्या पोरीसाठी माझ्या मुलानं काय जन्मभर..."

त्या मध्येच थांबल्या. उजव्या हातातली सुई तशीच राहिली. डावा हात गोधडीखाली होता.

"लोविना," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हिला सांग ना... माझा हात सोड म्हणावं."