ड्राइव्हचं नाव बुधवार

रश्मीच्या लॅपटॉपचं पोट मुळातच लहान. सगळी मिळून बत्तीस जीबी जागा! त्यात लिनक्स बसवल्यावर मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायचं अ‍ॅप्लिकेशन काही केल्या मावेना. महिन्याभरावर एका वर्कशॉपमध्ये नोकरीची ट्रायल होती, तीही स्वतःच्याच लॅपटॉपवर. म्हणून एका शनिवारी ती भिलाईतल्या पावर हाउसच्या बाजारात, भूषणच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिरली.

भूषणनं हिंदीत सांगितलं, अ‍ॅप्लिकेशन बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवू, लॅपटॉपमध्ये फक्त त्याचा पत्ता. मग स्वतःचा जुना ड्राइव्ह पुसून त्यानं त्याला नवं नाव दिलं. नवा घेतलात की परत करा, म्हणाला. रश्मीनं पडद्यावर पाहिलं. इंग्रजी अक्षरांत नाव होतं – बुधवार. आज तर शनिवार! तिनं कारण विचारलं, तर तो पडलेला स्क्रू शोधायला खाली वाकला, आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

‘का’ विचारल्याशिवाय रश्मीला अन्न पचत नसे. महिनाभर ती काही ना काही विचारायला येत राहिली. भूषण सगळं समजावून सांगे, बुधवार सोडून. एकदा तर तिनं दुकानातूनच नागपूरच्या दामिनीताईला फोनवर सांगून टाकलं, “पोरगा दिसाले चांगला आहे. पर कामाशिवाय बोलतच नाही.” घराबाहेर मराठी कुणाला कळत नाही, ही भिलाईतल्या मराठी पोरींची मोठीच सोय होती.

ट्रायलच्या आधीच्या शुक्रवारी बाबांनी नवा ड्राइव्ह आणला. आता दुकानात जायला निमित्त उरणार नाही, या विचारानं रश्मीला उगाचच वाईट वाटलं. तिनं सगळं नव्यात उतरवलं, जुना काढला... आणि अ‍ॅप्लिकेशन उघडेचना. ती धावत दुकानात आली.

लॅपटॉपमधल्या पत्त्यात जुन्या ड्राइव्हचं नाव आहे, भूषण म्हणाला, नव्यालाही तेच द्यावं लागेल. रश्मीनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले. बुधवार का, ते कळल्याशिवाय ती काही टाइप करणार नव्हती. ट्रायल गेली तरी चालेल.

भूषणनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“तुमाले पहिल्यांदा पाह्यलं, त्या दिवशी बुधवार होता,” तो म्हणाला – चक्क मराठीत. “रुआबांध्याच्या ऑटोत तुमी लॅपटॉपले समजावून राहिल्या होत्या... कावून रुसला रे, पोट भरलं का तुयं? मी बाजूलेच होतो. तुमचा आवाज डोक्यातून गेलाच नाही मंग.”

रश्मीला तो फोन आठवला आणि तिचे कान तापले.

“तुमाले मराठी येते? मंग महिनाभर हिंदी कावून?”

“आमी नागपूरकडचेच. बाबा रेल्वेत आहेत.” तो खाली पाहत हसला. “पहिल्या दिवशी हिंमत नाही झाली. अन् तो फोन आयकल्यावर... कसं सांगू? वाटे, अजून काही बोलान माझ्याबद्दल.”

रश्मीनं नव्या ड्राइव्हला नाव दिलं – बुधवार. अ‍ॅप्लिकेशन उघडलं. पडद्यावर तिनंच काढलेलं दातेरी चाक फिरू लागलं. मग तिनं जुना ड्राइव्ह त्याच्या कम्प्युटरला लावला, नाव खोडलं आणि लिहिलं – शुक्रवार.

“कावून?” विचारायची पाळी आता भूषणची होती.

“आज पोरगा कामाशिवाय बोलला,” रश्मी म्हणाली. “दिसाले तर तो पहिलेच चांगला होता.”