पुढच्या ठोक्यापर्यंत

"टाइम एष्टायतु, मेडम?"

मनस्विनीनं दचकून मान वर केली. कॉफीच्या दुकानाच्या पायरीवर एक उंच मुलगा उभा होता. कोपरापर्यंत हाताला कॉफीची पूड लागलेली, आणि नजर तिच्या डाव्या मनगटावर. तिची दोन बोटं त्या मनगटावर टेकलेली होती… आणि मनगटावर घड्याळच नव्हतं!

"अय्यो," ती स्वतःशीच पुटपुटली, "आता याला काय सांगू?"

"मराठी होय तुम्ही?" त्याचा चेहरा एकदम फुलला. "मग सांगा की मराठीतच. किती वाजले?"

"घड्याळ… घरी विसरलं. सवयीनं हात जातो."

"असतंय, असतंय. आमच्या आजोबांची टोपी हरवली, तरी ते वर्षभर डोकं खाजवायच्या आधी टोपी मागं सारायचे."

ती हसली. आणि हसता हसता तिच्या छातीत पुन्हा एक ठोका अडखळला.

इतरांच्या काळजाचा ठोका चुकतो तो भीतीनं नाहीतर प्रेमानं. मनस्विनीचा भाजी चिरतानाही चुकायचा. बँकेत सही करताना, मेट्रोच्या जिन्यावर, अंथरुणावर कूस बदलताना… कधीही. एक ठोका घाईघाईनं आधीच येऊन जायचा, मग एक पोकळी, आणि मग पुढचा ठोका दाणकन, कुणी आतून दार ठोठावावं तसा. त्या दाणकन येणाऱ्याचं तिला काही नव्हतं. भीती होती ती मधल्या पोकळीची. आता पुढचा आलाच नाही तर? एवढ्याशा वेळात तिचे तळहात ओले व्हायचे आणि बोटं मनगटाकडे धावायची.

तपासण्या सगळ्या झाल्या होत्या. दिवसभर अंगावर यंत्र चिकटवून हिंडूनही झालं होतं. "हृदय ठणठणीत आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले होते. "असे जादा ठोके पुष्कळांना येतात. तुम्हाला ते जाणवतात, एवढंच. अर्धा कप कॉफी खुशाल घ्या. आणि तेवढा हात मनगटावरून काढा."

हात काही निघाला नाही. कॉफी मात्र तिनं सोडून दिली. बंगळुरात पिढ्यानपिढ्या राहून ज्यांच्या मराठीत निम्मी कन्नड मुरली आहे, अशा घरातल्या मुलीनं कॉफी सोडावी! पहिले काही दिवस तिच्या आईनं, सत्यवतीबाईंनी, घरात सुतक असल्यासारखं तोंड केलं होतं. म्हणूनच बँकेतून परतताना बनशंकरीला मेट्रोतून उतरलं की ती या दुकानापाशी रेंगाळायची. निदान वास तरी घ्यावा.

दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातून बाबांचं जुनं किल्लीचं घड्याळ काढलं आणि मनगटावर बांधलं. पट्टा सैल होता, त्याखाली दोन बोटं सहज सरकत. किल्ली द्यायचं काही तिला सुचलं नाही. तिला वेळ कुठं बघायची होती!

"आज घड्याळ आणलं वाटतं," तो दारातून म्हणाला. "कॉफी देऊ?"

"नको. मी पीत नाही."

"पीत न्हाई, आणि थांबता रोज इथंच?"

"वास आवडतो."

"मग बसा की! वास फुकट आहे."

दुकानाबाहेर, गुलाबी फुलांच्या झाडाखाली एक दगडी बाक होता. जानेवारी लागला होता. संध्याकाळचा गारवा उतरायचा, कोपऱ्यावरच्या गाडीवरून अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा हिरवा वास यायचा, आणि त्या सगळ्यावर हळूच, मऊ शालीसारखा, भाजणाऱ्या कॉफीचा वास पसरायचा. मनस्विनी डोळे मिटून बसायची. वरून एखादं फूल तिच्या ओढणीवर पडायचं, आणि डोळे उघडले की तो दारात उभा असायचा… बघत.

त्याचं नाव पिराजी. प्रेमकथेच्या नायकाला शोभेल असं हे नाव नव्हे, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

"हसा, हसा," तो म्हणाला. "आजोबांचं नाव आहे. निपाणीत अर्ध्या गल्लीला माझं हसू येतंय."

"निपाणी म्हणजे तंबाखू ना? मग कॉफीत कसे आलात?"

"तंबाखूच्या वासाला कुणी डोळे मिटून बसत न्हाई म्हणून."

ती लाजली, आणि लाजलेलं लपवायला म्हणाली, "मला स्वल्प उशीर होतोय."

"स्वल्प! हे मराठी का कन्नड?"

"दोन्ही. आमच्या घरी भांडण कन्नडात होतं आणि समेट मराठीत."

"आणि प्रेम?"

"ते… ते अजून ऐकलं नाही कुणाला बोलताना."

तो हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात असं काही होतं की तिला वाटलं, रस्त्यावरच्या सगळ्या रिक्षा कुठंतरी लांब निघून गेल्या आहेत. आणि तेवढ्यात… अडखळला! पोकळी. तिची बोटं पट्ट्याखाली गेली, नजर घड्याळावर खिळली, आणि ती उठली.

"सरी… बरं, येते मी."

मग हे असंच होऊ लागलं. तो जरा जवळ आला, आवाज जरा खाली आणून बोलला, की तिच्या छातीत ती पोकळी उघडायची, नजर मनगटावर जायची, आणि तिची पावलं घराकडे वळायची. सांगून टाकावं असं तिला दहादा वाटलं. पण मागच्या वर्षी एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, उप्पिट्टू दोनदा मागून खाल्लं होतं. तिनं प्रामाणिकपणे ठोक्यांचं सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं. "कळवतो," म्हणून गेलेली माणसं पुन्हा फिरकली नाहीत. तेव्हापासून आईचं एकच, "आजार नाही म्हणतात ना डॉक्टर? मग सांगत कशाला सुटायचं गं?"

पिराजीनंही "कळवतो" म्हटलं, तर? ते तिला सोसलं नसतं. आता कुठं तिला संध्याकाळ आवडू लागली होती.

आणि एका संध्याकाळी वासच आला नाही.

ती कोपऱ्यावरच थबकली. शेंगांचा वास होता, झाडाखाली फुलं पडलेली होती, दुकान उघडं होतं. पण भट्टी गप्प होती. गल्ल्यावर दुकानाचे मालक नागराज बसले होते. तिला बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"या मेडम," ते कन्नडमध्ये म्हणाले. "आज वास नाही. आज सकाळीच भाजून झाली. खरं तर आमच्याकडे सकाळीच भाजतात, वर्षानुवर्षं. महिन्यापूर्वी या पोरानं हट्ट धरला, संध्याकाळीच भाजणार म्हणून. म्हटलं, का रे बाबा? तर म्हणे, संध्याकाळी हवा चांगली असते."

मनस्विनीनं गप्प भट्टीकडे पाहिलं.

"आता म्हणतोय, होसकोटेला नवं दुकान काढताय ना, तिकडं मला पाठवा. मी केव्हापासून मागं लागलो होतो, तेव्हा नको म्हणत होता. सोमवारी निघतोय." त्यांनी आतल्या दाराकडे हनुवटी उडवली. "माझं काय, मला माणूस मिळाला. पण तुम्ही स्वल्प विचारून बघा."

होसकोटे म्हणजे शहराचं पार दुसरं टोक. तिथून रोज संध्याकाळी बनशंकरीच्या बाकावर कोण येणार? ती आत गेली. पिराजी पाठमोरा उभा राहून पोत्याचं तोंड शिवत होता.

"न सांगता जाणार होतात?"

सुई थांबली. "सांगायला तुम्हाला वेळ कुठं असतोय?"

"म्हणजे?"

तो वळला. रागावलेला नव्हता. तिला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं. "ते घड्याळ बंद आहे, मनस्विनी. पहिल्या आठवड्यातच बघितलंय मी. काटे हलत न्हाईत त्याचे. मी दोन शब्द मनातलं बोलायला गेलो की तुम्ही त्यात बघता, आणि उशीर झाला म्हणून उठता. बंद घड्याळात बघून उठायचं म्हणजे… माणसानं काय समजायचं? नको असेल तर नको म्हणायचं. मी काय धरून ठेवणार होतो?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस तिनं लपवलं काय आणि त्याला दिसलं काय! आणि आता छातीत पुन्हा ती गडबड सुरू झाली होती, एक, मागोमाग आणखी एक. पाय नेहमीसारखे दाराकडे निघाले. तिनं ते जिवाच्या करारानं थांबवले.

घड्याळाचा पट्टा सोडून तिनं ते पोत्यावर ठेवलं. मग त्याची दोन बोटं धरली, कॉफीची पूड लागलेली, आणि आपल्या मनगटावर नेऊन टेकवली.

"वेळ नव्हते बघत," ती म्हणाली. "हे बघत होते. बोलू नका. नुसते थांबा."

तो थांबला. बोटांखाली ठोके येत राहिले. सरळ, शहाण्यासारखे. आणि मग… काहीच नाही.

पिराजीचा चेहरा पांढरा पडला. "मनस्विनी—"

दाणकन पुढचा ठोका आला.

"आला!" तो ओरडलाच. बाहेर नागराज खोकले.

"असं होतं," ती म्हणाली. शब्द आता एकामागून एक सुटत होते. "दिवसातून कितीतरी वेळा. डॉक्टर म्हणतात, धोका नाही. इको काढला, सगळं झालं. मलाही माहीत आहे धोका नाही. पण ते मधलं… ते आलं ना, की काहीच माहीत नसतं मला. प्रत्येक वेळी वाटतं, संपलं. तुम्ही जवळ आलात की जास्तच होतं. नको असता तर झालं असतं का असं? आणि हे जाईल की नाही, ठाऊक नाही. कदाचित म्हातारपणापर्यंत राहील. मागच्यांना सांगितलं, ते 'कळवतो' म्हणून गेले. तुम्हालाही जायचं असेल, तर जा. पण घड्याळामुळं जाऊ नका."

त्यानं बोटं काढली नाहीत.

"मघाशी जे थांबलं," तो हळूच म्हणाला, "त्यात तुम्ही रोज एकट्याच असता?"

तिनं मान डोलावली. आता अश्रू थांबवण्यात अर्थ नव्हता.

"मला तर एकदाच्यानं घाम फुटला बघा. मला यातलं काही कळत न्हाई. भीती घालवता येईल असं खोटंही सांगणार न्हाई. पण…" तो अडखळला. निपाणीचा बोलका माणूस, त्यालाही शब्द शोधावे लागत होते. "पण मी थांबू शकतो की. तुमच्याबरोबर. पुढचा येईपर्यंत."

खिडकीतून एक गुलाबी फूल आत येऊन पोत्यावर पडलं, बंद घड्याळाशेजारी.

"आणि होसकोटे?" तिनं नाक पुसत विचारलं.

"होसकोटेला कोण डोळे मिटून बसणार आहे?" मग तो बाहेर तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, उद्यापासून संध्याकाळीच भाजतो!"

"माझ्या कर्मा," नागराज कन्नडमध्ये म्हणाले, पण गल्ल्यावरून हसू ऐकू आलं.

"पिराजी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिला त्या नावाचं हसू आलं नाही. "मला अर्धा कप कॉफी देतोस?"

'देतोस' ऐकून तो क्षणभर बघतच राहिला. मग धावला. छोट्या पितळी पेल्यात फेसाळ कॉफी आली, आणि तो बाकावर तिच्याशेजारी बसला, तिचं डावं मनगट आपल्या हातात घेऊन. रस्त्यावरचे दिवे लागत होते. पहिल्या घोटाबरोबर तिचे डोळे आपोआप मिटले. कडू, गोड, ऊन… किती दिवसांनी!

आणि तेवढ्यात अडखळलंच. छातीत पोकळी उघडली, तळहात ओले झाले, तीच जुनी भीती आली. तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्याही बोटांना ते कळलं होतं. त्यानं श्वास रोखला होता.

"येईल," तो पुटपुटला. "तू थांब. मी आहे."

"आला," मनस्विनी म्हणाली, आणि तिनं दुसरा घोट घेतला.