सरळ रेघ

चहाचा पहिला घोट घ्यायच्या आतच वत्सला हुपरीकर पडद्यावरच्या आलेखापाशी अडखळल्या. त्या भाडेघर निरीक्षक होत्या. इचलकरंजीत आता भाड्याच्या प्रत्येक खोलीत ‘भिंतमापक’ सक्तीचा होता. काडेपेटीएवढं हे यंत्र भिंतीतली ओल आणि हवेतला दमटपणा मोजून आकडे थेट कार्यालयात पाठवायचं. ओल वाढली की मालकाचा परवाना अडायचा.

चौगुल्यांच्या चाळीतल्या सहाही खोल्यांची रेघ महिनाभर पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती.

"सहा घरांत कुणी भातच शिजवत नाही की काय?" त्या पुटपुटल्या आणि उठल्या.

पहिली खोली शबाना नदाफची. यंत्रमागावर काम करणारी बाई. पाच वर्षांची लेक कोपऱ्यात खोकत होती. वत्सलाबाईंनी कुकर लावायला सांगितला. शिट्टी झाली. त्यांच्या हातातल्या मापकाचा आकडा साठावरून नव्वदावर गेला. भिंतीवरचा ढिम्म हलला नाही. त्यांनी त्याचं झाकण उचकटलं. आत पारदर्शक कागदाचं वेष्टण आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी!

"धूळ बसू नये म्हणून झाकलंय हो," दारातून चौगुले म्हणाले. "ओल कुठंय इथं? विचारा हिला."

शबानानं मालकाकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"खरं बोलले तर खोली जाईल, मॅडम."

"जाणार नाही. तक्रार नोंदली की दुरुस्ती होईपर्यंत भाडेकरूला हलवता येत नाही. कायदाच आहे तसा."

शबानानं पदर खोचला आणि एकटीनं लोखंडी कपाट ओढलं. मागची भिंत छतापर्यंत काळी होती.

"ही बघा ओल!" ती ओरडली. तो आवाज ऐकून बाकीची पाच दारं उघडली. पाचही घरांतल्या बायांनी आपापली कपाटं सरकवली. चौगुल्यांना तिथंच दुरुस्तीच्या हमीपत्रावर सही करावी लागली.

दोन महिन्यांत जुना गिलावा उतरला, गळके नळ बदलले, प्रत्येक खोलीला झरोका आला. फेरतपासणीच्या दिवशी शबानाची लेक अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. धाप लागली ती हसून हसून. सहाही खोल्यांच्या रेघा स्वयंपाकाच्या वेळी झोकात वर जात आणि खाली येत होत्या. बायांनी वत्सलाबाईंना शिरा खायला घातल्याशिवाय सोडलं नाही.

त्या निघाल्या, तेव्हा चौगुल्यांची बायको पायरीवर उभी होती.

"ताई, आमच्या माजघरातबी तशीच काळी भिंत आहे. मला दम लागतो. ह्यांना सांगून थकले," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आमचं घर काही भाड्याचं नाही. मग माझं गाऱ्हाणं कुठं नोंदवू?"