अर्थिंगचा खड्डा

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव असती तर मीठमसाला लावून सांगितली असती. पण ही माझ्याच हातून घडली आहे, आणि सांगताना आजही मान खाली जाते.

साल एकोणीसशे सहासष्ट. मे महिना. गाव धामणगाव बढे, तालुका मोताळा.

वेळ भर दुपारची.

भुतं फक्त रात्रीच येतात असं वाटत असेल, तर पुढे वाचाच.

मी अन्वर. चिखलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वय चोवीस, आणि मिजास अशी की विचारू नका. जिल्ह्यात माझ्यासारखा मिस्त्री नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.

धामणगावचे अर्जुनराव मोठे शेतकरी. त्यांच्या गल्लीत नुकतीच वीज आली होती. दुकानात येऊन म्हणाले, "मिस्त्री, गावात कोणाकडं नसंल असा रेडिओ द्या मले."

सेट मीच निवडला. सागवानी पेटी, पुढे जाळीचं कापड आणि वर हिरवा डोळा, म्हणजे एक छोटा दिवा. स्टेशन नीट लागलं की त्या डोळ्याची फट मिटायची. स्टेशन नसलं की उघडी राहायची. शिवाय ओसरीवरच्या माणसांसाठी वेगळ्या पेटीत एक जादा स्पीकर.

बसवायलाही मीच गेलो. सेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला, म्हणजे आवाज घुमत नाही. एरियलची तार छतावर ताणली. राहिलं अर्थिंग.

तेव्हाच्या रेडिओला एक तार जमिनीत द्यावी लागे. खड्डा खणायचा, त्यात लोखंडी पाइप ठोकायचा, भोवती कोळसा आणि मीठ. वरून रोज तांब्याभर पाणी. जागा जितकी ओली, तितका आवाज स्वच्छ.

उन्हाळ्यानं सगळं अंगण तडकलं होतं. ओल फक्त एका जागी होती. परसात, न्हाणीच्या मोरीजवळ, कडुलिंबाखाली.

मी कुदळ उचलली.

"भाऊ, तिथं नका खणू."

अर्जुनरावांच्या बायको, अन्नपूर्णाबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदर तोंडाशी.

"काऊन हो वहिनी?"

"नका खणू म्हणलं ना."

कारण त्या सांगेनात. ओसरीवर गावातली वीस-पंचवीस माणसं रेडिओची वाट पाहत बसलेली. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "वहिनी, हे शास्त्र हाये. चुलीपाशी बसून नाही कळत."

सगळे हसले. अर्जुनरावही हसले. त्या आत गेल्या.

शहाणा कुठला! ते वाक्य आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन हात खणल्यावर कुदळीला काहीतरी मऊ लागलं…

कुजलेल्या कापडाची चिंधी होती.

तिच्यात काळ्या मण्यांची मनगटी. एवढीशी. माझ्या अंगठ्यातसुद्धा गेली नसती.

आणि खाली काहीतरी पांढरं.

मला कळलं. आमच्या भागात दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. कोणी कोणी परसातच ठेवतात, आईच्या नजरेसमोर. आमच्यात तर सगळ्यांनाच मातीत ठेवतात. कबर म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

थांबायचं होतं. माफी मागायची होती.

पण ओसरीवरून हाक आली, "मिस्त्री, आटपा लवकर!"

एवढ्या लोकांत हसलो होतो मी वहिनींना. आता कोणत्या तोंडानं सांगू?

मी चिंधीवर माती ओढली. पाइप तिथंच उभा केला. आणि घणानं ठोकला.

तौबा, तौबा.

रेडिओ लागला. आवाज असा स्वच्छ की लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळी स्टेशनं दाखवावी म्हणून मी बटण फिरवत गेलो. काटा दोन स्टेशनांच्या मध्ये आला. तिथं नुसती खरखर हवी.

खरखर नव्हती.

अगदी शांत…

मग श्वास. छोटा छोटा. रडून रडून थकलेलं लेकरू हुंदका देतं ना, तसा एक हुंदका.

हिरव्या डोळ्याची फट पूर्ण मिटली होती.

"सिलोन असंल," ओसरीवर कोणीतरी म्हणालं.

अन्नपूर्णाबाई आतून धावत आल्या. सगळ्या पुरुषांसमोर. खाली बसल्या आणि पेटीच्या कापडाला कान लावला.

"फिरवू नका भाऊ," एवढंच म्हणाल्या.

मी फिरवलं.

आठ दिवसांनी अर्जुनराव दुकानात हजर. चेहरा उतरलेला. "मिस्त्री, तुमचं ते यंत्र घेऊन जा. बायको खाईना, पिईना. दिवसभर त्याच्याच म्होरं बसून राह्यते."

मी गेलो. दुपारचा एक वाजला होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अर्जुनराव माझ्यासोबत आत यायलाही तयार नव्हते, ते ओसरीवरच थांबले.

माजघरात अन्नपूर्णाबाई रेडिओजवळ बसल्या होत्या. पेटीवर हळूहळू थोपटत होत्या.

मी पाहिलं. विजेची वायर काढलेली होती. भिंतीपासून हातभर लांब पडली होती.

आणि हिरवा डोळा जळत होता…

आतून आवाज येत होता. तोच श्वास.

"झोपला आत्ता," त्या हळूच बोलल्या. "बारा वर्सं झाले भाऊ. सव्वा महिन्याचा होता. नाव नव्हतं ठेवलं अजून. लिंबाखाली ठेवला तवापासून मोरीचं पाणीच आयकत होती मी. त्याचा आवाज आयकला नव्हता."

मग डोळे पुसून उठल्या. "उन्हाचे आले तुम्ही. चहा ठेवते."

त्या माझ्यासाठी चहा ठेवायला गेल्या, आणि मी परसात गेलो.

लिंबाखाली जाऊन पाइप दोन्ही हातांनी धरला, हलवला, उपसला. माजघरातला आवाज मध्येच तुटला.

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

खड्डा मी बुजवला. वर कोळसा पसरला, तार मातीत खोचून ठेवली. काहीच काढलं नाही असं दिसलं पाहिजे ना!

त्या चहा घेऊन आल्या. रेडिओकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ओल कमी झाली वहिनी," मी म्हणालो. "रोज पाणी टाकत जा. येईल परत."

त्यांनी मान डोलावली. मी चहा प्यालो. पूर्ण प्यालो.

पाइप तिथं टाकायची हिंमत नव्हती. पोत्यात गुंडाळून चिखलीला आणला आणि दुकानाच्या कोपऱ्यात उभा केला. तिसऱ्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, दुकानातले सगळे सेट बंद होते.

कोपऱ्यातून हुंदका आला.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. पाइप परत नेऊन द्यावा म्हणून एकदा मोताळ्यापर्यंत गेलोही. तिथून उलट्या एसटीनं परत आलो. काय सांगणार होतो? तुमच्या लेकरावर घण मारला, आणि मग तुमच्यापासून तोडलं?

धामणगावचा कोणी भेटला की मी विचारायचो. तो सांगायचा, अर्जुनरावांची बायको लिंबाखाली रोज पाणी टाकते, गारा पडल्या तरी चुकत नाही.

सात वर्षं गेली.

चिखलीच्या स्टँडवर एकदा मागून हाक आली. "अन्वरभाऊ."

अन्नपूर्णाबाई. केस पांढरे झाले होते. हातात पिशवी. बुलढाण्याची गाडी लागली होती, त्या गाडीकडे निघाल्या होत्या.

मला पळून जावंसं वाटलं.

"मी तवाच पाह्यलं होतं," त्या म्हणाल्या. "चुलीम्होरच्या खिडकीतून. तुमचे हात लटलट कापून राह्यले होते, म्हणून बोलली नाही."

त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"एक इचारू भाऊ?"

"हाव."

"तुमच्याकडं लय रडते का तो?"

मी कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणालाच.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "शांत असते."

"मंग बरं हाये," म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या.

तीही थापच होती. तो रोज रडतो. तेव्हाही रडायचा, आजही रडतो.

अन्नपूर्णाबाई जाऊन वीस वर्षं झाली. मी आता थकलो, दुकान बंद केलं. पाइप घरात आहे. फेकवत नाही, आणि पुरायला जावं तर त्या घराच्या दारात उभं राहायचं तोंड नाही.

दुपारी एक वाजला की मी बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. ऊन असलं तरी तिथंच बसतो.